संशयित सॅक्सोफोन

१९५१ साली 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित होण्याआधी त्यातल्या जिन्यावरच्या एका प्रसंगाला कात्री लागली. टेनेसी विल्यम्सचे हे नाटक मराठी वाचकाला तेंडुलकरांच्या 'वासनाचक्र' या अनुवादामुळे ठाऊक आहे. स्टॅन्लीने बायकोवर हात टाकलेला असतो. ती वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे निघून गेलेली असते आणि हा खाली अंगणात उभा राहून तिच्या नावाने टाहो फोडत असतो. स्टेला बाहेर येते आणि एकेक पायरी सावकाश उतरत त्याच्याकडे येते. घडते ते एवढेच. परंतु 'लीजन ऑफ डीसेन्सी' या कॅथलिक संस्थेने चित्रपट निषिद्ध ठरवण्याचा धाक घातला आणि वॉर्नर ब्रदर्सने दिग्दर्शक एलिया कझानच्या अपरोक्ष सुमारे चार मिनिटांची छाटाछाट करून टाकली. स्टेलाच्या चेहऱ्यावरची ओढ दाखवणारे जवळचे शॉट त्यात गेले. त्यांच्यासोबत अ‍ॅलेक्स नॉर्थने त्या जिन्यासाठी रचलेले, जॅझच्या अंगाने जाणारे संगीतही गेले आणि त्या जागी तंतुवाद्यांचे सोज्ज्वळ संगीत आले. मूळ प्रसंग मूळ सुरांसह प्रेक्षकांना पाहायला मिळाला तो १९९३ मध्ये.

शब्दांवर आणि दृश्यांवर चालणारी कात्री आपल्या परिचयाची आहे. शब्द नसलेल्या, केवळ वाद्यांवर वाजणाऱ्या संगीतात कोणाला अश्लीलता ऐकू यावी, हे मात्र थांबून विचार करण्याजोगे आहे. सॅक्सोफोनच्या एका लकेरीने स्टेलाच्या मनातले सारे उघड होते, असे त्या नीतिरक्षकांना वाटले. त्यांचे कान तिखट होते, हे मान्य करायला हवे. नॉर्थला तेच सांगायचे होते.

जॅझवरचा हा संशय एका दिवसात निर्माण झालेला नव्हता. न्यू ऑर्लिन्समधील स्टोरीव्हिल या वेश्यावस्तीत १९१७ पर्यंत पियानोवादकांना काम मिळे. पुढे १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात चोरट्या गुत्त्यांनी आणि गुंडटोळ्यांच्या मालकीच्या क्लबांनी शिकागो आणि न्यूयॉर्कमधल्या वादकांना पोसले. म्हणजे जॅझचा आणि गुन्हेगारी जगाचा शेजार खरा होता. पण कृष्णवर्णीय वादकाला सभागृहाचे दार बंद आणि गुत्त्याचे दार उघडे, अशी व्यवस्था असताना तो गुत्त्यात का वाजवतो, हा प्रश्न कोणी विचारत नसे. लावणीच्या आणि ठुमरीच्या कपाळी बसलेला 'तसल्या वस्तीतले गाणे' हा शिक्का ज्यांनी पाहिला आहे त्यांना या न्यायाची रीत वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

चित्रपटांनी हा शिक्का आयता उचलला. १९४०च्या दशकातील हॉलिवूडचे गुन्हेपट दिसायला कितीही आधुनिक असले, तरी त्यांचे पार्श्वसंगीत युरोपीय सिंफनीच्या घराण्याचे होते. मॅक्स स्टायनर व्हिएन्नाचा, मिक्लोश रोझा बुडापेस्टचा. रोझाचे 'डबल इंडेम्निटी' (१९४४) ऐकले तर लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर मध्य युरोपातील एखादी शोकांतिका चालली आहे असे वाटते. या चित्रपटांत जॅझ होता, पण तो दृश्याच्या आत, क्लबातल्या मंचावर. नायक त्या दारातून आत गेला की प्रेक्षकाने समजावे, आता याचे काही खरे नाही. 'डी. ओ. ए.' (१९५०) या चित्रपटात हे अगदी शब्दशः घडते. लहान गावातला एक हिशेबनीस सॅन फ्रान्सिस्कोत मजा करायला येतो, जॅझ क्लबात शिरतो, कृष्णवर्णीय वादक बेभान होऊन वाजवत असतात आणि तेवढ्यात कोणीतरी त्याचा पेला बदलून त्यात विष घालते. पुढचा सगळा चित्रपट हा मेलेला माणूस स्वतःच्या खुन्याला शोधत फिरतो. विष कोणी घातले हे कळायला वेळ लागतो, कोणत्या सुरांच्या साथीने घातले हे मात्र पहिल्याच क्षणी कळते.

तेव्हा पन्नाशीच्या दशकात घडले ते असे, की मंचावरचा हा जॅझ खाली उतरून पार्श्वसंगीतात आला. नॉर्थने वाट पाडली आणि इतरांनी ती रुंद केली. या संगीताचे सामर्थ्य कशात होते, हे आपल्या परिभाषेत थोडेफार सांगता येईल. ब्लूजमध्ये गंधार, निषाद आणि कधी पंचमही आपल्या जागेवरून किंचित खाली ओढलेले असतात. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी रेंगाळणारा तो स्वर पियानोच्या पट्टीत सापडत नाही, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवर मात्र तो काढता येतो. सुख की दुःख, याचा निर्णय न देणारा हा स्वर आहे. ज्या चित्रपटांना आपल्या पात्रांबद्दल तसा निर्णय द्यायचा नव्हता, त्यांना तो हवाच होता. (रागसंगीताशी तुलना येथेच थांबवलेली बरी. जॅझची लय आणि स्वरसंवादाची चौकट यांना आपल्याकडे प्रतिशब्द शोधत बसण्यात अर्थ नाही.)

ऑटो प्रेमिंजरचा 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' (१९५५) हा या प्रवाहातला सर्वांत गाजलेला चित्रपट. हेरॉइनच्या आहारी गेलेला पत्तेवाटप्या फ्रँकी हा ड्रमवादक होण्याचे स्वप्न पाहतो. फ्रँक सिनात्राने ही भूमिका केली आणि एल्मर बर्नस्टाइनने संगीत दिले. अमली पदार्थांचा विषय चित्रपटसंहितेत बसत नसल्यामुळे हा चित्रपट तिच्या प्रमाणपत्राशिवायच प्रदर्शित झाला आणि पुढच्याच वर्षी ती संहिता सैल करावी लागली. बर्नस्टाइन स्वतः या संगीताला जॅझ म्हणत नसे, त्यात जॅझचे घटक आहेत एवढेच तो म्हणे. त्याचे म्हणणे योग्यच होते. त्या पितळी वाद्यांच्या गर्जनेत रचनाकाराची शिस्त आहे, वादकाचे स्वातंत्र्य फारसे नाही. शिवाय सुई दंडात जाताना जो कल्लोळ उठतो तो ऐकून आज वाटते, की येथेही जॅझला जुनीच चाकरी करावी लागते आहे. पाप जवळ आले की त्याने दवंडी पिटायची.

या ठिकाणी चित्रपटगृहाच्या बाहेर काय चालले होते ते पाहायला हवे. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून दारू विकणाऱ्या कोणत्याही ठिकाणी कला सादर करायची असेल तर पोलिसांकडून 'कॅबरे कार्ड' घ्यावे लागे. त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागत. अमली पदार्थांचा एखादा खटला झाला की कार्ड जाई आणि कार्ड गेले की रोजगार जाई. बिली हॉलिडेचे कार्ड १९४७ मध्ये गेले. त्यानंतर ती कार्नेगी हॉलमध्ये गाऊ शकत होती, पण ज्या क्लबांत तिचे गाणे घडले तिथे तिला गाता येईना. थेलोनियस मंकचे कार्ड १९५१ मध्ये गेले, तो पुढली सुमारे सहा वर्षे आपल्याच शहरातल्या क्लबांना मुकला. ही पद्धत बंद झाली १९६७ मध्ये. आणि याच वर्षांत अमेरिकेचे परराष्ट्र खाते स्वातंत्र्याचा आवाज म्हणून जॅझ वादकांना परदेशी पाठवत होते. डिझी गिलेस्पीचा दौरा १९५६ चा, १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक आपल्या मुंबईतही वाजवून गेला. परदेशात राजदूत आणि घरी ठसे दिलेला इसम, अशी ही दुहेरी नोकरी होती.

'स्वीट स्मेल ऑफ सक्सेस' (१९५७) हा चित्रपट मला त्यामुळेच त्या दशकातला फार प्रामाणिक चित्रपट वाटतो. त्यात जॅझ वादक हा एकमेव स्वच्छ माणूस आहे आणि गुन्हेगार आहे तो वृत्तपत्रातला सर्वशक्तिमान स्तंभलेखक. बहिणीचे या वादकावरचे प्रेम मोडण्यासाठी तो आपल्या हस्तकाकरवी त्याच्या कोटाच्या खिशात गांजाच्या सिगारेटी ठेववतो आणि हाताशी धरलेल्या पोलिसाकडून त्याला बडवून घेतो. 'जॅझवाला म्हणजे नशेबाज' हे समीकरण समाजाने आधीच मान्य केलेले असल्यामुळे पुरावा तयार करायला फारसे कष्ट पडत नाहीत. या चित्रपटात दोन प्रकारचा जॅझ ऐकू येतो. रस्त्यांना आणि कारस्थानांना बर्नस्टाइनची पितळी गर्जना, तर त्या तरुणाला चिको हॅमिल्टनच्या पंचकाचे चेलोसहित असलेले शांत, जवळजवळ मैफलीचे संगीत. वादकांच्या बाजूने इतक्या स्पष्टपणे उभा राहणारा चित्रपट त्यापूर्वी विरळाच. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पडद्यावर या पंचकाचा नायक गोरा गिटारवादक आहे. प्रत्यक्षातला नायक, कृष्णवर्णीय चिको हॅमिल्टन, त्याच्या मागे बसून ड्रम वाजवतो.

ही कोंडी फुटली ती पॅरिसमध्ये. १९५७ च्या शेवटी माइल्स डेव्हिस काही आठवड्यांसाठी तिथे आला होता. पंचवीस वर्षांच्या लुई माल या दिग्दर्शकाने आपला पहिला कथापट नुकताच चित्रित केला होता. 'आसांसर पूर लेशाफो' म्हणजे 'फाशीच्या तख्ताकडे नेणारी लिफ्ट'. ज्युलियन हा माजी सैनिक आपल्या मालकाचा, म्हणजे आपल्या प्रेयसीच्या नवऱ्याचा, खून करतो. मागे राहिलेला दोर काढून घ्यायला परत जातो आणि पहारेकरी वीज बंद करून निघून गेल्यामुळे रात्रभर लिफ्टमध्ये अडकतो. त्याची प्रेयसी फ्लोरान्स (झान मोरो) त्याने आपल्याला फसवले असे समजून रात्रभर पॅरिसच्या रस्त्यांवरून भटकत राहते.

४ डिसेंबर १९५७ च्या रात्री डेव्हिस आणि चार सहवादक स्टुडिओत जमले. त्यांपैकी तिघे फ्रेंच होते, सॅक्सोफोनवर बार्ने विलाँ, पियानोवर रने उर्त्रेजे आणि बासवर पियेर मिशलो. ड्रमवरचा केनी क्लार्क अमेरिकन होता आणि वर्षभरापूर्वी अमेरिका सोडून पॅरिसला स्थायिक झाला होता. लिहिलेली संहिता नव्हती. डेव्हिसने थोडे स्वरसंवाद योजून आणले होते, तेवढेच. पडद्यावर चित्रपटाचे तुकडे पुनःपुन्हा दाखवले जात होते आणि ते पाहत हे पाच जण वाजवत होते. काही तासांत काम आटोपले. अंतिम चित्रपटात हे संगीत वीस मिनिटांच्या आसपासच आहे.

हे संगीत कोठे नाही, तेही पाहण्यासारखे आहे. खुनाच्या प्रसंगात ते नाही. गोळीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिथे आहे तो शेजारच्या खोलीत पेन्सिलीला टोक करणाऱ्या विजेच्या यंत्राचा आवाज. जुन्या रीतीप्रमाणे जॅझची गरज जिथे सर्वाधिक, नेमक्या त्याच जागी मालने त्याला गप्प बसवले. ट्रम्पेट येतो तो फ्लोरान्स चालू लागते तेव्हा. छायाचित्रकार आंरी दकाए याने कॅमेरा लहान मुलाच्या गाडीत ठेवून, शांझेलिझेवरच्या दुकानांच्या काचांतून येणाऱ्या उजेडातच मोरोचा चेहरा टिपला. त्या थकलेल्या, रंगरंगोटी न केलेल्या चेहऱ्यावर ट्रम्पेटचा एक लांब स्वर येऊन थांबतो, मग काही क्षण काहीच नाही, मग दुसरा. तिच्या पावलांशी त्याची लय जुळत नाही, जुळवण्याचा प्रयत्नही नाही. हॉलिवूडमध्ये पात्र जिना चढले की व्हायोलिनही चढत. येथे संगीत तिच्या शेजारून चालते. ती पापी आहे की अभागी, याबद्दल ट्रम्पेटला काही म्हणायचे नाही. तिला एकटे वाटते आहे, इतकेच तो जाणतो. पुढे १९५९ मध्ये 'काइंड ऑफ ब्लू' या ध्वनिमुद्रिकेत डेव्हिसने मोजक्या स्वरसमूहांवर दीर्घकाळ मुक्तपणे वावरण्याची जी रीत प्रतिष्ठित केली, तिची चाहूल या रात्रीच्या वादनात लागते. चित्रपटाने जॅझला काही दिले असेल तर ते येथे. या चित्रपटाने त्याच्याकडे वेळ मागितला, गोंगाट मागितला नाही.

फ्रान्समध्ये जे एका तरुण दिग्दर्शकाला जमले, ते अमेरिकेत दीड वर्षाने प्रेमिंजरने केले. 'गोल्डन आर्म'चा हाच प्रेमिंजर १९५९ मध्ये 'अ‍ॅनॉटॉमी ऑफ अ मर्डर'साठी ड्यूक एलिंग्टनला मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, चित्रीकरणाच्या जागीच घेऊन गेला. कादंबरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तीने टोपणनावाने लिहिलेली. पडद्यावरच्या न्यायाधीशाच्या भूमिकेत जोसेफ वेल्च, म्हणजे १९५४ च्या सुनावणीत सिनेटर मॅकार्थीला भर सभेत लाज आणणारा तोच वकील. अशा विलक्षण मंडळींत एलिंग्टनचे आगमन झाले.

एका लष्करी अधिकाऱ्याने आपल्या बायकोवर बलात्कार केल्याच्या आरोपावरून एका गुत्तेवाल्याला गोळी घातली आहे. त्याचे वकीलपत्र घेणारा बीग्लर (जेम्स स्टुअर्ट) हा मासेमारीचा आणि जॅझचा शौकीन आहे. आरोपीची बायको लॉरा त्याच्या घरी येते, ध्वनिमुद्रिका चाळते आणि म्हणते की तुम्ही वकील म्हणून जरा गमतीचेच दिसता, वकिलांना असले संगीत आवडत नसते. तो हे हसून कबूल करतो. ही लहानशी देवाणघेवाण मला फार मोलाची वाटते. 'असले संगीत' हा चित्रपटांनी चाळीस वर्षे जोपासलेला ग्रह तिच्या तोंडी आला आहे, आणि तो ज्याला उद्देशून आला आहे तो माणूस कायद्याच्या बाजूचा आहे. पुढे रस्त्याकडेच्या क्लबात बीग्लर एलिंग्टनच्या शेजारी एकाच बाकावर बसून पियानो वाजवतानाही दिसतो.

न्यायालयातल्या प्रदीर्घ प्रसंगांत संगीत जवळजवळ नाहीच. साक्षीदार खरे बोलतो की खोटे, हे प्रेक्षकाने स्वतःच ठरवावे. लॉराच्या वाट्याला मात्र जॉनी हॉजेसच्या आल्टो सॅक्सोफोनची लाडिक धून येते. ती ऐकून काही जण म्हणतील, मग एलिंग्टननेही जुनेच केले की! माझे मत थोडे वेगळे आहे. गावाने लॉराबद्दल जो समज करून घेतला आहे तो एलिंग्टन वाजवून दाखवतो, आणि इतक्या मिस्कीलपणे की तो समज आहे, साक्ष नव्हे, हे कानाला कळते. अर्थात एका बलात्कारपीडितेबाबत हा मिस्कीलपणा आज खटकू शकतो, आणि खटकला तर त्यात ऐकणाऱ्याची चूक नाही. या संगीताला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. ऑस्करसाठी साधे नामांकनही मिळाले नाही. आणि त्याच्या रचनेत निम्म्याचा भागीदार म्हणावा असा बिली स्ट्रेहॉर्न, त्याचे नाव पडद्यावर आलेच नाही.

नाव न येण्याचा मुद्दा निघाला म्हणून येथे मुंबईची आठवण अपरिहार्य आहे. याच दशकात आपल्या गुन्हेपटांतही क्लब होता, धूर होता आणि ट्रम्पेट होता. 'बाजी' (१९५१) पासून ही परंपरा धरता येते. ते ट्रम्पेट वाजवणारे हात बहुधा गोव्याचे. चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकलेले आणि ताजसारख्या हॉटेलांच्या वाद्यवृंदांत जॅझ आत्मसात केलेले हे वादक हिंदी चित्रपटसंगीताचा कणा होते. अल्डोना येथील आंतोनियु शाव्हियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट याने सी. रामचंद्र यांच्यासोबत काम केले आणि 'अलबेला'त (१९५१) तो वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो. पण तो अपवाद. सॅबॅस्टियन डिसूझांसारख्या वाद्यवृंद-संयोजकांची नावे फार तर सहायकांच्या यादीत. आपल्या चित्रपटांतही हा आवाज खलनायकाच्या अड्ड्यावर आणि नर्तिकेच्या वाट्याला आला. नायिकेच्या विरहाला तो क्वचितच लाभला.

१९५९ मध्येच आलेला रॉबर्ट वाइजचा 'ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो' तुलनेने कमी पाहिला गेला. हॅरी बेलाफॉन्टेने तो स्वतःच्या संस्थेतर्फे काढला. पटकथा काळ्या यादीतल्या अब्राहम पोलॉन्स्कीची, त्यामुळे श्रेयनामावलीत दुसऱ्याचे नाव. बेलाफॉन्टे यात क्लबातला गायक-वादक आहे. घोड्यांच्या शर्यतीतल्या कर्जामुळे तो बँकेच्या दरोड्यात ओढला जातो आणि त्याचा एक साथीदार कट्टर वर्णद्वेष्टा निघतो. मॉडर्न जॅझ क्वार्टेटच्या जॉन लुईसने दिलेले संगीत थंड आणि ताणलेले आहे. हिवाळ्यातल्या नदीकाठच्या गावात तिघे जण संध्याकाळ होण्याची वाट पाहत थांबतात, तेव्हा मिल्ट जॅक्सनच्या व्हायब्राफोनचे स्वर बर्फाच्या कणांसारखे पडतात. दरोडा फसतो तो द्वेषामुळे, आणि वादक गुन्ह्याकडे वळला तो जॅझमुळे नव्हे, हे चित्रपटाला पक्के ठाऊक आहे.

वादकांनी स्वतःच्या नावाने चित्रपटाला संगीत द्यावे, हे असे १९५९ मध्ये साध्य झाले. पण तोवर बाजाराने या आवाजाचा साचा काढला होता. सप्टेंबर १९५८ पासून दूरचित्रवाणीवर 'पीटर गन' ही गुप्तहेर मालिका सुरू झाली. हेन्री मॅन्सिनीची तिची धून घराघरांत गेली आणि तिच्या ध्वनिमुद्रिकेला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे पहिलेवहिले ग्रॅमी मिळाले. धून चटकदार आहे, त्याबद्दल वाद नाही. (त्यात पियानो वाजवणारा तरुण जॉन विल्यम्स पुढे 'स्टार वॉर्स'चा संगीतकार झाला.) परंतु त्यानंतर रेनकोट, ओला रस्ता आणि सॅक्सोफोन हे त्रिकूट इतके स्वस्त झाले की विनोदी नकलांपलीकडे त्याला जागा उरली नाही.

'अ‍ॅनॉटॉमी ऑफ अ मर्डर' जुलै १९५९ मध्ये प्रदर्शित झाला आणि 'काइंड ऑफ ब्लू' ऑगस्टच्या मध्याला बाजारात आली. २५ ऑगस्टच्या रात्री न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात कार्यक्रम चालू असताना मध्यंतरात माइल्स डेव्हिस एका गोऱ्या स्त्रीला टॅक्सीपर्यंत सोडून फुटपाथवर उभा होता. वर पाटीवर त्याचेच नाव होते. एका पोलिसाने त्याला तिथून हटायला सांगितले. मी येथेच काम करतो, असे त्याने पाटीकडे बोट दाखवून सांगितले. थोड्याच वेळात त्याच्या डोक्यात लाठी बसली होती, पांढरा कोट रक्ताने माखला होता आणि त्याला पोलीस ठाण्यात नेले जात होते. त्याचे कॅबरे कार्ड काही काळ काढून घेण्यात आले. पुढच्या काही महिन्यांत न्यायालयाने त्याच्यावरचे आरोप फेटाळले.